बंदरापर्यंत आणि परत

पैज साधीच होती. बंदरापर्यंत गाडी मी न्यायची आणि त्याच दिवशी परत आणायची. वाटेत ह्यांनी एकदा जरी हँडब्रेक ओढला, तर गाडी पुतण्याला देऊन टाकायची. नाही ओढला, तर गाडी आमच्याच दारात राहणार आणि किल्ली माझ्याकडे.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी ह्यांना "आता स्टिअरिंग नाही" असं सांगितल्याला आठ महिने झाले होते. बावीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवलेला माणूस. त्या दिवशी घरी आले, किल्ली खुंटीला लावली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. बाजार नको, मित्र नकोत, फिरायला जाणं नको. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जायचं कशाने?" चालत चला म्हटलं की पाय दुखायचे, बसने चला म्हटलं की नाक मुरडायचे, "दुसऱ्याच्या बसमध्ये मी तिकीट काढून बसू?" शेवटी सत्तावन्नाव्या वर्षी मी शिकवणी लावली, परीक्षा दिली आणि परवाना आणून ह्यांच्या हातात ठेवला. हे डोळ्यांजवळ धरून एवढंच म्हणाले, "फोटो बरा आलाय." आणि दुसऱ्याच दिवशी पुतण्याला फोन करून मोकळे झाले, की रविवारी ये आणि गाडी घेऊन जा, उगीच दारात गंजतेय.

गाडी गेली की खुर्ची कायमची, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी पैज लावली. आयुष्यातली पहिलीच. आधी देवापुढे उभी राहून माफी मागून घेतली.

माझी रोजची तीन व्रतं आहेत. उठल्यावर एक पानभर देवाचं नाव लिहायचं. दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही. आणि दिवसातून एक तरी उत्तर तोंडाशी आलेलं गिळायचं. तिसरं सगळ्यांत अवघड. माझी जीभ मऊ आहे असं लोक म्हणतात. ती कशी मऊ झाली ते माझं मला माहीत.

"म्हणजे अर्धा रस्ता ही मुक्याने गाडी चालवणार?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. शनिवारी सकाळी सातला ती टोपी, पिशवी आणि दोन उशा घेऊन मागच्या सीटवर येऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिच्या शेजारी पंच म्हणून मास्तर. मास्तर म्हणजे ह्यांच्या बसचे कंडक्टर. बावीस वर्षं दोघांनी एकाच बसमध्ये काढली. ते ह्यांना अजून पायलट म्हणतात.

"वहिनी बोलल्या नाहीत तर उलट बरं," मास्तर म्हणाले. "पायलट एकटेच चार जणांचं बोलतात."

ते खरंच होतं. गल्लीतून बाहेर पडल्यापासून ह्यांचं सुरू झालं. "आरसा बघ. आरसा बघितलास का? बघितलास तर मान का नाही हलली? पुढे वळण आहे. वळण आहे गं. हॉर्न दे. इतका मोठा नको." रस्ता ह्यांना पाठ होता. झाडं, पूल, खड्डे, सगळं येण्याच्या आधी सांगायचे. डोळे मिटूनही सांगितलं असतं, आणि दुखरी गोष्ट अशी की जवळजवळ मिटलेलेच होते.

मला उत्तर द्यायचं असलं की मी दिवे लावायची. हो असेल तर उजवा इंडिकेटर, नाही असेल तर डावा. दहा-बारा मैलांनंतर मागून एक ट्रकवाला वैतागून हॉर्न वाजवायला लागला. त्याच्या दृष्टीने मी मघापासून उजवीकडे वळायचं ठरवत होते आणि धीर होत नव्हता.

"वहिनी, घरचं भांडण घरात ठेवा," मास्तर म्हणाले. "रस्त्यावर दिव्यांनी नको."

घाटाच्या उतारावर एक टँकर वळणातून एकदम समोर आला. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते, डाव्या कडेला होते, घाबरले नव्हते. पण ह्यांचा हात सटकन हँडब्रेकवर गेला. मागून वन्संनी घडी केलेल्या वर्तमानपत्राने तो हात असा काही ठोकला की टँकरपेक्षा त्याचाच आवाज मोठा झाला.

"दादा!"

"मी नुसता ठेवला होता."

"मास्तर, धरायचं का?"

मास्तरांनी चष्मा पुसला, विचार केला आणि निकाल दिला. "हात लागला, पण ओढला नाही. धरत नाही. पायलट, तोंड चालवा हवं तेवढं. हात मांडीवर."

त्यानंतर हे बंदराकडे वळले, म्हणजे बंदराच्या गोष्टींकडे. त्या मी बावीस वर्षं ऐकत आले. पहाटे चारला डबा भरून दिला की हे जायचे आणि अंधार पडल्यावर परत यायचे, आणि ताटावर बसले की बंदर सुरू व्हायचं. समुद्राकडचा दरवाजा, ज्याच्या उंबऱ्यात गाड्यांच्या चाकांनी हातभर खोल चर पाडले आहेत. जकातघराच्या अंगणातला नांगर, दोन पुरुष उंच. भिंतीत रुतून राहिलेले तोफेचे गोळे. दोर वळणाऱ्यांची गल्ली, जिच्यात एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो. माझी मुलं त्या गोष्टींवर मोठी झाली. मी ते शहर कधी पाहिलं नव्हतं, पण मला त्यातल्या गल्ल्या माझ्या स्वयंपाकघरासारख्या ठाऊक होत्या.

पावणेबाराला रस्ता संपला.

खरोखरच संपला. समोर पाणी. अलीकडे एक पत्र्याची शेड, तीन बस उभ्या, आणि वर मोठ्या अक्षरांत "बंदर" अशी पाटी. पाण्याच्या पलीकडे, मैलभर लांब, तटाची भिंत, एक घुमट, एक मनोरा आणि शिडांच्या होड्यांचं दाट रान. आणि ह्या काठाला एक फेरीबोट, तोंड उघडून बसलेली.

मी गाडी थांबवली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पाटीकडे पाहत होते.

"आलं बंदर," हे म्हणाले.

"कुठे आलं?" वन्सं म्हणाली. "ते तर तिकडे आहे."

मास्तर खाकरले. "त्याचं काय आहे वहिनी, बस इथपर्यंतच येते. इथे वळून परत. मध्ये नऊ मिनिटं. नऊ मिनिटांत लघवी आणि चहा, तेही धावत."

वन्संच्या लक्षात माझ्या आधी आलं. "दादा, तू पलीकडे कधी गेलाच नाहीस?"

"नऊ मिनिटांत जाऊन येणार कसा?"

"मग तो नांगर? ते गोळे?"

"प्रवासी सांगायचे," हे हळूच म्हणाले. "परतीच्या बसमध्ये माझ्या मागच्याच बाकावर बसून सांगायचे. मी खोटं कधी बोललो नाही. मी पाहिलं असं कधी म्हटलं का? आठव बरं. 'आहे' असंच म्हणायचो."

मी आठवून पाहिलं. खरं होतं. बावीस वर्षांत एकदाही "पाहिलं" म्हणाले नव्हते. मी एका दमात तीन उत्तरं गिळली. तीन दिवसांचं व्रत तिथल्या तिथे झालं.

मग हे माझ्याकडे वळले आणि आवाज एकदम उदार केला. "जिंकलीस तू. बंदरापर्यंत म्हटलं होतं, ही बघ पाटी. आता शेडमध्ये बसून डबा खाऊ आणि निवांत परत जाऊ. गाडी तुझी."

गाडी माझी. मला हवं होतं ते मिळालं होतं. तरी मी किल्ली फिरवली नाही. मला पुढचं दिसत होतं. घरी गेल्यावर कोणी विचारलं की हे म्हणणार, "चालवते, बऱ्यापैकी, मीच म्हटलं राहू दे गाडी." आणि पुन्हा खुर्ची. दिलेली गाडी दारात उभी राहिली असती. मला ती जिंकलेली हवी होती, आणि हा माणूस तिच्यात बसलेला हवा होता.

मी बोट पाण्यापलीकडे केलं.

"अगं, नको. ती बघ पाटी."

फेरीबोटीच्या तोंडाशी दुसरी पाटी होती. गाड्यांनी मागे घेत चढावं. बोटीला दार एकच. आत शिरताना उलटं जायचं, म्हणजे पलीकडे उतरताना सरळ. रॅम्प चांगला लांब, उताराचा, शेवाळाने हिरवा, आणि दोन्ही बाजूंना कठडा नाही, थेट पाणी.

"मीसुद्धा करणार नाही हे," ह्यांनी सांगितलं. "इथे बस गोल वळायची. मागे घ्यायची असेल तर मास्तर खाली उतरून शिट्टी मारायचे, तेव्हा. मास्तर, सांगा हिला."

"मी पंच आहे," मास्तर म्हणाले. "मी काही सांगत नाही."

गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक बाई खिडकीशी आली. बोटीवर गाड्या चढवायचं काम तिचंच. "ताई, येणार का? सुटतेय आता. मागे घेता येते ना गाडी?"

मी मान डोलावली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी गाडीतल्या कोणालाच माहीत नव्हती. आमची गल्ली अरुंद आणि पुढे बंद. शिकाऊ परवाना आल्यावर रोज पहाटे, नाव लिहून झालं की मी गाडी काढायची आणि गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायची. तिथे मोठा रस्ता लागायचा, आणि तिथे माझा धीर संपायचा. वळवायला जागा नाही. मग तशीच मागे घेत घेत, दोन भिंतींमधून, दीडशे पावलं, दारापर्यंत. पुढे, मागे. पुढे, मागे. चार महिने. मोठ्या रस्त्यावर जायचा धीर आला तो शेवटच्या तीन आठवड्यांत. ह्यांना वाटायचं मी पहाटे देवळात जाते. थोडक्यात, मला गाडी पुढे नेता येते त्याहून मागे नेता चांगली येते. असा ड्रायव्हर जगात बहुधा मी एकटीच असेन.

मी गाडी फिरवून पाठ बोटीकडे केली. काच खाली केली, मान बाहेर काढली. ह्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांचा हात मांडीवरून उठला, हँडब्रेकच्या वर हवेत थांबला.

"दादा," वन्सं म्हणाली. तिच्या हातात वर्तमानपत्र तयार होतं, पण तिचाही आवाज बारीक झाला होता.

मी क्लच अर्धा सोडला. चाक शेवाळावर आलं आणि गाडीचं मागचं अंग जरासं सरकलं, पाण्याच्या बाजूला, वीतभर. मी थांबले नाही. घाबरून थांबलं की चाक घसरतं, हे मी आमच्या गटाराच्या झाकणावर शिकले होते. स्टिअरिंग केसभर उलट दिलं. गाडी सरळ झाली. बोटीचा पत्रा चाकाखाली वाजला. पत्रा, आणखी पत्रा, आणि बूटवाल्या बाईने तळहात उंच केला.

इंजिन बंद केलं तेव्हा ह्यांचा हात अजून हवेतच होता.

"खाली घ्या तो हात," मास्तर म्हणाले. "आशीर्वाद देताय का?"

बूटवाली बाई चाकाखाली लाकडी पाचर लावत होती. "रोज ट्रक चालवणारे चार-चार वेळा करतात," ती म्हणाली. "ताई, एका दमात?"

मी हसले. पाण्याच्या मध्यावर असताना पलीकडच्या मनोऱ्यातून बाराचे ठोके पडले. बाराव्या ठोक्यानंतर सगळी गाडी माझ्याकडे वळून बसली.

"अहो," मी म्हणाले, "डबा काढा. भूक लागलीय."

शहरात आम्ही चार तास चाललो. पाय दुखणारा माणूस सगळ्यांच्या पुढे. दरवाजाच्या उंबऱ्यात चर होते. हातभर नव्हते, चार बोटं होते, पण ह्यांनी खाली बसून त्यांत हात घातला आणि किती तरी वेळ काढला नाही. गोळे भिंतीत होते. ह्यांना दिसेनात, म्हणून मी एकेक करून त्यांचा हात त्यांवर ठेवला. दोर वळणाऱ्यांच्या गल्लीत एक म्हातारा अजून दोर वळत होता. त्याने ह्यांना टोकाला उभं केलं आणि पीळ धरायला दिला. "घट्ट धरा, सोडाल तर सगळं उलगडेल," तो म्हणाला, आणि ह्यांनी तो असा धरला की म्हाताऱ्यालाच शेवटी सोडा म्हणावं लागलं. नांगर मात्र दोन पुरुष उंच नव्हता. ह्यांच्या खांद्याला लागला.

"प्रवासी लोक," हे त्याच्याकडे बघत म्हणाले. "काय ठोकून द्यायचे!"

"आणि तू त्याच्यावर आणखी," वन्सं म्हणाली. सगळेच हसलो, नांगराच्या पहारेकऱ्यासकट.

साडेचारच्या फेरीला धक्क्यावर रांग लागली होती आणि हलत नव्हती. एक मोठी, नवी कोरी जीप रॅम्पवर आडवी अडकली होती. काळा चष्मा लावलेले एक गृहस्थ आत घामाघूम. मागे घ्यायचे, तिरकी व्हायची, पुढे यायचे. पाचव्यांदा. त्यांच्या बायकोने मुलांना घेऊन केव्हाच खाली उतरून लांब उभं राहणं पसंत केलं होतं. मागचे हॉर्न वाजवत होते.

"साहेब, ही गेली तर पुढची दोन तासांनी," बूटवाली बाई ओरडली.

"रॅम्पच चुकीचा बांधलाय!"

हे आमच्या गाडीतून उतरले. मला वाटलं पाय मोकळे करायला. पण हे सरळ त्या जीपपाशी गेले आणि काचेवर टकटक केली.

"रॅम्प बरोबर आहे," हे म्हणाले. "आमच्याकडे एक ड्रायव्हर आहे. बोलावू का?"

गृहस्थांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी नाही. मला दिसत नाही."

आठ महिन्यांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते. डॉक्टरांपुढेही नाही. ते त्यांनी असे म्हटले, जसं कोणी म्हणावं की माझ्याकडे सुटे नाहीत. मग मागे वळून, पूर्वी बस स्टँडवर मास्तरांना हाक मारायचे त्या आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, ये गं जरा! ह्यांची गाडी लावून दे!"

मी लाजत लाजत जीपमध्ये चढले. जीप उंच, पाय पेडलला पुरेनात. वन्संनी धावत एक उशी पाठीमागे कोंबली, दुसरी खाली घातली. काळ्या चष्म्याचे गृहस्थ म्हणाले, "काकू, नक्की ना?" उत्तर तोंडाशी आलं होतं. ते मी गिळलं आणि जीप पुढे काढली, सरळ केली, मान बाहेर काढली. ही आमच्या गाडीहून रुंद, पण गल्लीतल्या भिंतींपेक्षा इथे दोन्हीकडे जागाच जागा होती. एका दमात पत्रा वाजला.

रांगेतून टाळ्या आल्या. गर्व वाईट हे मला माहीत आहे. पण तो आला, आणि मी त्याला घटकाभर बसू दिलं.

मग आमची गाडी. मी परत जाऊन स्टिअरिंगवर बसले, वन्सं आणि मास्तर मागे. पुढची सीट रिकामी.

"पायलट!" मास्तरांनी खिडकीतून हाक मारली. "गाडीत बसा. हँडब्रेक कोण ओढणार?"

हे बोटीवर बूटवाल्या बाईच्या शेजारी हात बांधून उभे होते. "हँडब्रेकचं काय काम आहे?" म्हणाले. आणि मी चढेपर्यंत "डावीकडे" नाही, "सावकाश" नाही, काही म्हणजे काही बोलले नाहीत. नुसतं त्या बाईला सांगत होते. वाऱ्याने मला ऐकू आलं. "माझी बायको. आज पहिल्यांदाच आलीय लांबच्या रस्त्याला."

घाट चढून आलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. माथ्यावर चहाला थांबलो, तिथे पुतण्याचा फोन आला. ह्यांनी तो कानाला लावला आणि उठून येरझाऱ्या घालत बोलू लागले.

"उद्या? नाही, उद्या नको येऊस. पुढच्या रविवारीही नको... अरे, गाडी नाही मिळणार. लागते आम्हाला... नाही नाही, मी नाही चालवत, तुझी काकू चालवते... मागे? मागे तर अशी घेते की बघत राहशील... कुठे जाणार म्हणजे? थांब, विचारतो."

फोनवर हात ठेवून हे माझ्याकडे वळले. "पुढच्या शनिवारी कुठे जायचं आहे आपल्याला?"

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

"मी काय सांगणार? चालवणारी तू." आणि पुन्हा फोनवर, "विचार करून सांगते म्हणाली आहे. हो. आम्ही निघालोच आता. ठेवतो."